शेजार, वल्ली आणि विरह : सातारा-सांगली परिसरातील व्यक्तिचित्रांच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयात विरहाला तोटा नाही. सासुरवाशिणीने माहेरासाठी झुरावे, परमुलखी गेलेल्या धन्याच्या वाटेकडे घरधनिणीने डोळे लावून बसावे, वारकऱ्याने पंढरीसाठी तळमळावे, हे सारे आपल्या ओवीत, लावणीत आणि अभंगात शतकानुशतके येत राहिले आहे. परंतु गाव सोडून गेलेल्या माणसाला शेजाऱ्याची आठवण व्याकूळ करते, आणि तीही नात्याचा किंवा उपकाराचा कसलाच धागा नसलेल्या, काहीशा विक्षिप्त शेजाऱ्याची, हा विषय जुन्या वाङ्मयात सहसा भेटत नाही. उलट गेल्या पाऊणशे वर्षांतील ललित लेखनात, आणि विशेषतः परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या आठवणींत, तो वारंवार डोकावतो. हा फरक कशाने पडला, आणि या भावनेतून उपजलेल्या लेखनाची कसोटी कोणती मानावी, या दोन प्रश्नांचा सातारा व सांगली या जिल्ह्यांपुरता विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दोन जिल्ह्यांची निवड सकारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात आणि आसपासच्या संस्थानांत विभागलेला होता. १९४८ मध्ये सांगली, मिरज, औंध ही संस्थाने विलीन झाली; १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मराठी व्यक्तिचित्राला ज्या पुस्तकाने नवे वळण दिले, ते व्यंकटेश माडगूळकरांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ चेच आहे. आणि त्यातील माणदेश या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. गाव सोडून जाणे ही गोष्टही या भागाला नवी नाही. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी. त्यामुळे येथील माणूस पिढ्यानुपिढ्या पलटणीत, मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत जात आला.

या जुन्या स्थलांतराचे स्वरूप नीट ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. गिरणीत किंवा पलटणीत जाणारा बहुधा एकटा जाई. आईबाप, बायको, पोरे, गुरे आणि वाटणीचा जमिनीचा तुकडा हे सारे मागे राही. त्याच्या विरहाला विषय शोधावा लागत नसे. वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० मध्ये जन्मलेले आणि पुढे मुंबईच्या कामगारवस्तीत वाढलेले अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड या अनुभवाचे सर्वांत प्रसिद्ध रूप होय. पोटासाठी मुंबईला आलेला गडी ज्या व्यक्तीसाठी झुरतो, ती त्याची घरधनीण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत याच विरहाला महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाच्या ताटातुटीचा अर्थ मिळाला, हे खरे. पण तो अर्थही उभा राहिला तो पती-पत्नीच्या विरहावरच. शेजाऱ्याला तेथे जागा नव्हती. जवळचे माणूस दूर असताना शेजारी आठवण्याइतकी सवड मनाला मिळत नाही.

परदेशी जाणाऱ्या सुशिक्षित मराठी कुटुंबांचे स्थलांतर याहून निराळे आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आहे. तथापि मोठ्या प्रमाणावर हा ओघ सुरू झाला तो अमेरिकेने १९६५ मध्ये आपला प्रवेशविषयक कायदा बदलून शिकलेल्या परकीयांना दार मोकळे केल्यावर. सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होते, मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अमेरिकेला हव्या असलेल्या दोन्ही विद्या या परिसरात घराजवळ मिळू लागल्या होत्या. उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले, एवढ्यावरून तेथील वस्तीचा अंदाज येतो. या स्थलांतरात माणूस एकटा गेला, तरी एकटा राहिला नाही. पत्नी बरोबर गेली किंवा पाठोपाठ गेली. मुले तिकडेच जन्मली. आईवडील बाळंतपणाच्या निमित्ताने सहा-सहा महिने जाऊन राहू लागले. भावाबहिणींशी प्रथम पत्रांनी, पुढे दूरध्वनीने आणि आता रोजच्या चित्रसंवादाने संबंध टिकला. म्हणजे ज्या ज्या व्यक्तीसाठी जुना विरह होता, ती ती व्यक्ती या ना त्या मार्गाने हाताशी आली.

हाती आला नाही तो शेजारी. त्याला पत्र कोणत्या निमित्ताने लिहावे? त्याला दूरध्वनी करून काय बोलावे? सख्ख्या भावाला 'सहज फोन केला' असे म्हणता येते; पण पलीकडच्या वाड्यात राहणारे, रोज सकाळी नळावर घागर भरता भरता म्युनिसिपालिटीपासून जागतिक राजकारणापर्यंत सर्वांचा उद्धार करणारे जे गृहस्थ, त्यांना सातासमुद्रापलीकडून असा सहज फोन केला, तर तेच घाबरून विचारतील, 'काय रे, सगळे ठीक आहे ना?' शेजाऱ्याचा सहवास कधी मागून घेतलेला नसतो. तो ओट्यावर, आडावर, जिन्याच्या वळणावर, निमित्तावाचून घडत असतो. ज्या संबंधाला निमित्त नव्हते, तो दूर गेल्यावर निमित्त काढून चालू ठेवता येत नाही. शेजाऱ्याची आठवण ही सहकुटुंब स्थलांतराची भावना आहे, असे आम्हांस वाटते. सारे आप्त बरोबर घेतल्यावरही जे मागे उरते, ते शेजाराच्या रूपाने जाणवते; आणि ते परत मिळवण्याचा दुसरा कोणताही व्यवहार उपलब्ध नसल्यामुळेच मनुष्य लिहावयास बसतो.

याला एक उलट पुरावा याच परिसरात आहे. खानापूर, आटपाडी या तालुक्यांतील सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभर पांगले आहेत. तेही पुढे सहकुटुंब गेले. परंतु एकाने दुकान थाटावे, त्याने गावातील दुसऱ्याला बोलावून घ्यावे, अशा रीतीने त्यांचा व्यवसाय वाढला. आणि ग्रामदैवताच्या यात्रेला गावी येण्याची चालही त्यांनी सोडली नाही. त्यांच्याबरोबर शेजारही काही अंशी प्रवासाला निघाला. शेजाऱ्याचा विरह त्यांना परदेशस्थाइतका जाणवत नसावा, तो यामुळेच. तेव्हा प्रश्न केवळ अंतराचा नसून, जाताना कोणते संबंध बरोबर नेता येतात याचा आहे.

आता विक्षिप्तपणाविषयी. आठवणीत येणारा शेजारी साधासुधा नसून 'वल्ली'च का असतो? सरळमार्गी, वेळेवर कचेरीत जाणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा शेजारी कोणीच का आठवत नाही? एक उत्तर असे की, विक्षिप्तपणा स्मरणास सोपा. पण ते अपुरे आहे. 'वल्ली' हा शब्दच येथे पाहण्यासारखा आहे. त्याचा संबंध अरबी 'वली' या शब्दाशी जोडला जातो; 'अवलिया' हे त्याच शब्दाचे अनेकवचन मराठीने एकवचनी करून घेतले. ईश्वराच्या जवळचा तो वली. मराठीत येता येता सत्पुरुष मागे पडला आणि लहरी, नमुनेदार माणूस पुढे आला. परंतु मूळ अर्थाची छाया पुसली गेली नाही. वल्लीला लोक हसतात, पण त्याला हाकलून देत नाहीत. त्याच्या तऱ्हेवाईकपणाला समाजाची मूक संमती असते. मिरजेसारख्या गावात, जेथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाच्या स्मृत्यर्थ वर्षानुवर्षे गाणे होत आले आहे, तेथे अवलिया आणि कलावंत यांत लोक फारसा भेद करीत नाहीत, यात नवल नाही.

लहान शहरात ही संमती मिळण्याला काही ऐतिहासिक कारणेही असावीत. सातारा ही छत्रपतींची राजधानी. ते राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. सांगली, मिरज, औंध येथील दरबार बरोबर शंभर वर्षांनी संपले. दरबारांभोवती वैद्य, ज्योतिषी, कीर्तनकार, गवई, तालीमबाज, कारकून यांचा जो परिवार जमला होता, त्याचा राजाश्रय गेला, पण विद्या उरली. उपयोग सरलेली विद्या माणसाच्या अंगी छंद होऊन राहते, आणि पोटापाण्याशी संबंध नसलेल्या छंदाला लोक वेड म्हणतात. साताऱ्याच्या पेठांतून किंवा सांगलीच्या गावभागातून कोणी जुन्या मोडीतील दप्तरे कवटाळून बसलेला, कोणी कृष्णेच्या पाण्याची पातळी रोज वहीत टिपून ठेवणारा, असा माणूस आढळणे हे या दृष्टीने स्वाभाविक ठरते. मोठ्या शहरात अशा माणसाला कोणी ओळखत नाही, आणि खेड्यात त्याला काम चुकवता येत नाही. त्याला वाव मिळतो तो मधल्या गावात, जेथे ओळखही असते आणि सवडही असते. परदेशस्थ मनुष्य वल्लीसाठी हळहळतो, तेव्हा तो एका व्यक्तीसाठीच हळहळत नाही. उपयोगाचा हिशेब न मागता माणसाला सांभाळून घेणाऱ्या एका व्यवस्थेसाठी तो हळहळतो. नव्या देशात तो स्वतः केवळ त्याच्या उपयोगामुळे स्वीकारला गेलेला असतो, ही गोष्ट या हळहळीच्या तळाशी आहे.

येथवर या भावनेची उपपत्ती झाली. तिच्यातून होणाऱ्या लेखनाचे मूल्यमापन हा पुढचा प्रश्न. माडगूळकरांचा जन्म १९२७ चा. म्हणजे 'माणदेशी माणसं' प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. साधारणपणे ज्या वयात आजचा पदवीधर परदेशचे विमान पकडतो, त्याच वयात हा लेखक गावाकडे वळून पाहत होता. परंतु त्या पाहण्यात कौतुकाचा पाझर जवळजवळ नाही. धर्मा रामोश्याचे फाटके वस्त्र हा तेथे गमतीचा विषय होत नाही. ते दारिद्र्य त्याच्या मुलीपर्यंत पोचलेले लेखकाने पाहिले आहे. 'झेल्या'त निवेदक स्वतः मास्तर आहे, आणि पोराने मास्तराला लावलेला लळा मास्तरालाही बदलून टाकतो. माणसांच्या वागण्यातील चमत्कारिकपणा माडगूळकर टिपतात, पण त्यामागील कारण वाचकाच्या दृष्टीआड होऊ देत नाहीत. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या १९६२ च्या पुस्तकाचा मार्ग वेगळा; तेथे विनोद आधी येतो. तथापि रत्नागिरीच्या अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यामागचे एकाकीपण शेवटी उघडे पडतेच. दोन्ही लेखकांत विक्षिप्तपणा ही माणसाच्या जगण्याने त्याला दिलेली तऱ्हा आहे. लेखकाने त्याला बहाल केलेला अलंकार नव्हे.

परदेशस्थांच्या आठवणपर लेखनात, आणि आपल्याकडील अनेक अनुकरणांतही, नेमके येथे पाणी मुरते. मंडळांच्या स्मरणिकांतून येणारा शेजारी बहुधा एका वाक्यावर, एका लकबीवर उभा असतो. तो कायम ओट्यावर बसलेला असतो. लेखक गाव सोडून गेला, शिकला, त्याचे केस पिकले. शेजारी मात्र जेथल्या तेथे. आपण गेलो म्हणून काळ थांबला, असा एक अजाण अहंकार या मांडणीत असतो. अमेरिकन लेखक शेरवुड अँडरसन याने 'वाइन्सबर्ग, ओहायो' या १९१९ च्या पुस्तकात लहान गावातील अशाच तऱ्हेवाईक माणसांच्या कथा लिहिल्या. त्यातील तरुण वार्ताहर अखेरीस गाव सोडून आगगाडीत बसतो. पण तत्पूर्वी ती माणसे एकेक करून त्याच्याशी बोलायला आलेली असतात, आणि बहुतेकांचे सांगायचे अर्धेच राहिलेले असते. त्यांचा विक्षिप्तपणा म्हणजे न सांगता आलेली गोष्ट होय. ऐकणारा तरुण नवखा होता, त्याला सारे कळले नाही, ही कबुली त्या रचनेतच आहे. आपल्या स्मरणलेखनात ही कबुली क्वचितच भेटते.

या दृष्टीने माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी मोलाची आहे. औंध संस्थानातील एका धनगरवाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर येतो, माणसांत रुजतो. तालीम उभी राहते. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडू लागते. गाव सोडून जाणारा नायक हा आपल्या परिचयाचा. येथे मात्र नायकाच्या डोळ्यांदेखत गावच निघून जाते. मेंढरे घेऊन माणसे जगायला बाहेर पडतात. शेजारी हा स्थावर मालमत्तेचा भाग नसून तोही पाय असलेला मनुष्य आहे, हे या कादंबरीइतके स्पष्टपणे मराठीत क्वचितच आले असेल. पुढे हाच लेखक ऑस्ट्रेलियास गेला आणि आपल्या प्रवासवर्णनाला त्याने 'पांढरी मेंढरं हिरवी कुरणं' असे नाव दिले. परदेशातही त्याची दृष्टी मेंढरांवर गेली. पण तेथील कुरणांना त्याने माणदेशाच्या आठवणींखाली झाकून टाकले नाही.

आता सर्वांत अवघड मुद्दा. शेजार कोणाचा? माडगूळकरांच्या गावापासून जवळच असलेल्या आटपाडीत १९२१ मध्ये शंकरराव खरात जन्मले. 'तराळ-अंतराळ' या त्यांच्या आत्मचरित्रात (१९८१) तोच मुलूख, तीच बोली, तोच पाऊस आहे. पण तो गावकुसाबाहेरून पाहिलेला आहे. विहिरीतील प्रेत काढण्यासाठी त्यांच्या वडिलांना जीव धोक्यात घालून खाली उतरावे लागते, तो प्रसंग वाचल्यावर 'आमच्या गावची माणसे कशी गमतीदार होती' हे वाक्य लिहिताना हात अडखळला पाहिजे. ज्याच्या वाट्याला तराळकी आली, त्याला विक्षिप्त होण्याची मुभा नव्हती. त्याने लहर केली तर ती लहर ठरत नसे, गुन्हा ठरे. वल्लीपण हेही एक प्रकारचे वतन होते, आणि ते सर्वांना मिळालेले नव्हते. व्यक्तिचित्रे वाचताना विद्यार्थ्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा : या गल्लीत कोणाचे वेड खपवून घेतले गेले, आणि कोणाचे नाही?

दुसरी बाजूही तितकीच नोंदण्यासारखी आहे. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, आणि अनेक कुटुंबांनी गाव कायमचे सोडले. माडगूळकरांनी 'वावटळ' (१९६४) ही कादंबरी याच विषयावर लिहिली. जाळणारे काही सारेच परके नव्हते. आणि ज्यांनी दागिने सांभाळून ठेवले, पोरांना लपवले, तेही शेजारीच होते. या भागातून पुण्या-मुंबईस व पुढे परदेशी गेलेल्या काही घराण्यांच्या आठवणींत शेजारी ओट्यावर हसत बसलेला दिसतो, आणि मधले एक पान गळालेले असते. ते पान गाळण्यामागे क्षमा असेल, संकोच असेल, किंवा मुलांना कटुता देऊ नये ही सद्‌बुद्धीही असेल. परंतु टीकाकाराला ते गळालेले आहे हे दिसले पाहिजे. 'माणदेशी माणसं' आणि 'वावटळ' ही एकाच लेखणीची पुस्तके आहेत. एक वाचून दुसरे बाजूला ठेवणे हे शेजार अर्धाच वाचण्यासारखे होय.

येथे एक आक्षेप संभवतो. दूर देशी एकाकी संध्याकाळी कोणी आपल्या गल्लीतल्या माणसाची गोड आठवण लिहिली, तर तिला इतक्या कठोर कसोट्या का लावाव्यात? आक्षेप गैर नाही. घरगुती आठवण म्हणून तिचे मोल आहेच, आणि ती लिहू नये असे कोणी म्हणणार नाही. पण जी आठवण वाङ्मय म्हणून वाचकांपुढे येते, तिच्यात ज्याच्याविषयी लिहिले तो मनुष्य गैरहजर असतो. त्याला उत्तर देता येत नाही. म्हणून त्याची बाजू लेखकानेच सांभाळावी लागते. वरील विवेचनावरून तीन अपेक्षा सांगता येतील. शेजाऱ्याच्या विक्षिप्तपणामागचे जगणे लेखात दिसावे. लेखक गेल्यानंतरही तो शेजारी बदलला असेल, कदाचित तोही कोठे निघून गेला असेल, याचे भान असावे. आणि त्या शेजाराची वेस कोठे होती, तिच्याबाहेर कोण राहिले, हे लेखकाला ठाऊक असल्याची खूण असावी.

सातारा-सांगलीच्या ज्या वाड्यांत हा शेजार नांदला, त्यांपैकी पुष्कळ वाडे आता पाडले गेले आहेत आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या आहेत. ओटा गेला, आड बुजला. दाराला बाहेरचे पाहण्यासाठी काचेचे भिंग आले. गावी राहिलेल्यालाही शेजारी आता जिन्यात क्वचितच भेटतो. तेव्हा ही भावना यापुढे केवळ परदेशस्थाची राहणार नाही. गाव न सोडताच शेजार गमावलेले लेखकही तिच्याकडे वळतील. त्यांच्या लेखनाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी मंडळांच्या स्मरणिका आणि माणदेशाचे हे वाङ्मय एकत्र वाचावे. एकात आठवण कशी जपली गेली ते दिसेल, दुसऱ्यात माणूस कसा पाहिला गेला ते कळेल.